क्रेडिट कार्डाची फी माफ व्हावी म्हणून ३१ हजार खर्चावेत का?

मुलुंडला राहतो. घरात मी, बायको आणि आई. गेल्या वर्षी मॉलमधल्या स्टॉलवरच्या पोराने 'पहिलं वर्ष फ्री' म्हणत कार्ड गळ्यात मारलं. आता वर्ष भरायला पाच आठवडे उरलेत. दोन लाखांचा खर्च झाला तर फी माफ, नाहीतर ९९९ अधिक जीएसटी, म्हणजे ११७९ रुपये. खर्च झालाय १ लाख ६९ हजार.

काल पॉइंट मोजायला बसलो. शंभर रुपयांना दोन पॉइंट, एक पॉइंट पंचवीस पैशांचा. वर्षाचे झाले ३३८०, म्हणजे ८४५ रुपये. ते वटवायला पुन्हा ९९ अधिक जीएसटी. हातात ७२८! त्यात गणपतीच्या महिन्यात नुसतं मिनिमम ड्यू (बिलातली किमान रक्कम) भरलं, तेव्हा व्याजातच हजारावर गेले. (थकबाकी असली की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, हे तेव्हा कळलं.) आई म्हणाली, "चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला." पॉइंट खरंच चार आण्याचाच, त्यामुळे गप्प बसलो.

पण खरी गोची वेगळीच आहे. आधी वाण्याकडे यादी दिली की महिन्याचा किराणा घरी यायचा. त्याच्याकडे कार्ड चालत नाही म्हणून आम्ही सुपरमार्केटात जायला लागलो, आणि तिथे ट्रॉली हातात आली की यादी खिशातच राहते. आईच्या वहीप्रमाणे किराणा महिन्याला दोनेक हजारांनी वाढलाय. मी तर लॅमिंग्टन रोडला मॉनिटर घेताना कार्डासाठी दोन टक्के जादा मोजले. कशासाठी, तर अर्ध्या टक्क्याच्या पॉइंटसाठी! दुकानदार मशीनचं कमिशन माझ्याकडूनच वसूल करत होता, हे घरी आल्यावर डोक्यात शिरलं.

बायको म्हणते, मिक्सर तसाही घ्यायचाच आहे, सोबत आणखी काहीतरी घेऊन ३१ हजार करून टाकू. मला ते 'काहीतरी' खटकतंय.

जाणकारांनी सांगावं: आईचा एलआयसीचा हप्ता आणि सोसायटीचा मेंटेनन्स या दोन लाखांत धरतात का? माझ्या कार्डाच्या नियमांत भाडं आणि पेट्रोल वगळलंय, हप्ता आणि मेंटेनन्सचा उल्लेखच नाही. 'कार्ड बंद करतो' म्हटलं की बँक फी सोडते म्हणतात, कुणी करून पाहिलंय? आणि खरंच बंद करायची वेळ आली, तर पॉइंट आधी वटवून घ्यावे लागतात का?