नागपुरात कलाशिक्षक आणि कलाइतिहासकार यांची मिळून एकच संघटना हवी का?

कुंचलेवाला (धागाकर्ता)
विदर्भातल्या चित्रकला महाविद्यालयांत शिकवणारे आणि कलेचा इतिहास शिकवणारे-लिहिणारे, अशा दोघांची मिळून एक नोंदणीकृत संघटना नागपुरात उभी राहावी, असं माझं ठाम मत आहे. पगार, थकबाकी, रजा यांसाठी नुटा (नागपूर विद्यापीठ शिक्षक संघटना) आहे, ते काम तिथेच राहू द्या.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमावलीतला तक्ता २, म्हणजे शिक्षकांच्या संशोधनगुणांचा तक्ता, काढून बघा. शोधनिबंध, पुस्तक, भाषांतर, पेटंट, निमंत्रित व्याख्यान, सगळ्यांना ओळ आहे. चित्रप्रदर्शनाला ओळच नाही. वर्षभर खपून ३० कॅनव्हास उभे करणाऱ्याच्या नावापुढे शून्य, आणि कला शाखेतल्या एका निबंधाला १० गुण! एकट्यादुकट्या प्राध्यापकाच्या पत्राने हे हलणार नाही.

अमेरिकेत १९११ साली कॉलेज आर्ट असोसिएशन निघाली, तीत स्टुडिओत शिकवणारे आणि इतिहासकार एकत्रच आहेत. १९१३पासून तिचं ‘आर्ट बुलेटिन’ निघतं. १९७७ मध्ये तिने लेखी भूमिका घेतली की प्रत्यक्ष कला शिकवणाऱ्यासाठी एमएफए (ललितकलेतली पदव्युत्तर पदवी) हीच अंतिम पदवी. आपल्याकडे बढतीने सहयोगी प्राध्यापक व्हायचं तर चित्रकारालाही पीएच.डी.चा प्रबंध लिहावा लागतो. संघटना असण्या-नसण्याचा फरक एवढा मोठा असतो.

बर्डीवरून
भाऊ, हेतूबद्दल वाद नाही. माझा आक्षेप ‘नोंदणीकृत’ या शब्दाला आहे.

सात माणसं, घटना आणि नियमावली जमली की १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवता येते. पण महाराष्ट्रात तेवढ्यावर भागत नाही, १९५०च्या सार्वजनिक न्यास कायद्याखाली धर्मादाय कार्यालयातही नोंद लागते. मग दर ३१ मार्चला वर्ष संपलं की सहा महिन्यांत लेखापरीक्षण, आणि कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अहवाल.

गाडी अडते ती दुसऱ्या निवडणुकीत. पहिला चेंज रिपोर्ट मंजूर व्हायचाच असतो, तोवर नवे लोक निवडून येतात आणि हरलेल्यांपैकी कोणीतरी हरकत घेतं. शेड्यूल एकवर (धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत) जुनीच नावं राहतात, बँक नव्या सचिवाची सही मानत नाही. वर्गणी खात्यात पडून राहते आणि संघटनेच्या अंकाची छपाई थांबते. कलाशिक्षकांकडे यासाठी ना वेळ, ना कारकून.

त्यापेक्षा विदर्भ संशोधन मंडळासारख्या जुन्या संस्थेकडे कलाविभाग मागा. वार्षिक अंकाची परंपरा तिथे आहेच.

आणखी एक. १९८७च्या एआयसीटीई (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) कायद्यात तंत्रशिक्षणाच्या व्याख्येतच उपयोजित कला येते. एकाच इमारतीत रंगचित्रवाले यूजीसीकडे बघतात आणि उपयोजितवाले एआयसीटीईकडे. एक निवेदन दोघांना पुरणार नाही.

प्रवरपूर
मी इतिहास शिकवणाऱ्यांच्या बाजूने बोलते, आणि एकत्र संघटनेला माझा विरोध आहे.

कुंचलेवाल्यांनी अमेरिकेचं उदाहरण अर्धंच दिलं. स्थापत्याच्या इतिहासकारांनी तिथे १९४० मध्ये आपली वेगळी सोसायटी काढली, कारण त्यांचे प्रश्न वेगळे होते. आपल्याकडेही कलेच्या इतिहासासाठी इंडियन आर्ट हिस्टरी काँग्रेस आहे.

महाविद्यालयात इतिहासाचा माणूस एखादाच असतो. मिश्र संघटनेत मतं नेहमी स्टुडिओवाल्यांची जास्त पडणार. अधिवेशनात सकाळी प्रात्यक्षिकाला सभागृह भरेल आणि वाकाटक राजघराण्यावरचा निबंध दुपारी चारला बारा मिनिटांत उरकावा लागेल.

आमचं साहित्य आहे पवनीचा स्तूप, मांढळ आणि मनसर इथले अवशेष, रामटेकचं केवल नरसिंह मंदिर. त्या मंदिरातल्या मूर्तीबद्दल बोलायचं तर तिथला शिलालेख वाचता आला पाहिजे, वा. वि. मिराशींचा १९६३चा वाकाटक लेखांचा खंड हाताशी हवा. आमचे सोबती विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागात आहेत.

मातीकाम
ताई, शिलालेखाचं बरोबर आहे. पण मूर्तीसमोर उभं राहिल्यावर टाकीची (छिन्नीची) खूण कोण वाचणार? कुठे टोकदार टाकी चालली, कुठे घासून गुळगुळीत केलं, कुठला हात नंतर जोडलेला आहे, हे दगडात काम करणाऱ्याला चटकन दिसतं.

दोघांच्या मधली वस्तू म्हणजे फोटो, आणि आपल्याकडे सगळ्यात वाईट अवस्था त्याचीच आहे. समोरून फ्लॅश मारला की उठाव सपाट होतो आणि टाकीच्या खुणा मरतात. दिवा एका बाजूला, पृष्ठभागाला जवळजवळ चिकटून जाईल इतक्या तिरप्या कोनात धरावा. १० सेंमीची पट्टी मूर्तीच्या पातळीतच ठेवावी. पट्टी पुढे आली तर फोटोत मोठी दिसते आणि तिच्यावरून मोजलेली मूर्ती खरीपेक्षा लहान निघते. पहिल्या फ्रेममध्ये रंगपट्टी हवीच, नाहीतर संग्रहालयातल्या ट्यूबलाइटखाली तांबूस दगड हिरवट येतो.

त्याहून वाईट म्हणजे उलटा छापलेला फोटो. विष्णूच्या चोवीस रूपांची नावं शंख, चक्र, गदा, पद्म कोणत्या हातात आहेत यावरून ठरतात. केशवाच्या उजव्या खालच्या हातात पद्म, वरच्या हातात शंख. डाव्या वरच्या हातात चक्र, खालच्या हातात गदा. फोटो आडवा उलटला की उजवीकडे खाली गदा, वर चक्र. डावीकडे वर शंख, खाली पद्म. हा झाला माधव! विद्यार्थी नेटवरून तोच फोटो उचलतो, प्रबंधात माधव लिहितो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. अजब बंगल्यातल्या (नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयातल्या) मूर्तींचा नीट प्रकाश, मोजमाप आणि परवानगीसह संच करायचा तर शिल्पकार आणि इतिहासकार एका टेबलाशी बसलेच पाहिजेत.

तासिका
चर्चेत सगळे कायम शिक्षक धरून चालले आहेत. अनेक वर्ग तासिका तत्त्वावरचे शिक्षक सांभाळतात. त्यांची नेमणूक सत्रापुरती असते. घटनेत ‘मान्यताप्राप्त शिक्षक’ एवढा शब्द गेला की सत्र संपताच त्यांचं सदस्यत्व आणि मत दोन्ही जातं. सदस्यत्व कामावर द्या: पाच वर्षांतलं शिकवणं, प्रदर्शन किंवा लेखन, यांपैकी काहीही एक. वर्गणीही दोन दरांची ठेवा. हे कलम पहिल्या दिवशी आलं नाही तर पुढे घटनादुरुस्तीला लागणारी मतं कोण जमवणार?

कुंचलेवाला
तासिका, तुमचं कलम जसंच्या तसं मान्य. बर्डीवरून, नोंदणीची घाई मीही सोडतो. आधी कुठल्यातरी संस्थेचा विभाग होऊ.

पण पहिलं काम प्रदर्शनाच्या मूल्यमापन-पत्रकाचंच हवं. यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्य नियतकालिकांची केअर यादी बंद केली, त्यामुळे नियतकालिकांचा दर्जा ठरवण्याची जबाबदारी आता विद्यापीठांवर आली आहे. निकषांची चर्चा विद्यापीठात होणारच, तेव्हा प्रदर्शनाचे निकषही तिथेच मांडायचे. तक्त्यात ओळ दिल्लीच घालेल, पण विद्यापीठामार्फत तयार मसुदा गेला तर मागणीला वजन येईल.

पत्रकात काय हवं: एकल की समूह, समितीने निवडलेलं की भाड्याने दालन घेतलेलं (इथे बहुतेक गोंधळ होतो, दोन्हींची निमंत्रणपत्रिका सारखीच दिसते), प्रथमच दाखवलेल्या कामांची संख्या, माध्यम, आकार, आणि चित्रकाराव्यतिरिक्त दुसऱ्या जाणकाराने लिहिलेलं परीक्षण. ते परीक्षण कोण लिहिणार, ताई? इतिहासकारच ना?

प्रवरपूर
परीक्षण लिहायची तयारी आहे. मातीकामांचं फोटोंबद्दलचं म्हणणंही मला पटलं, त्या संचापुरतं एकत्र बसायला आनंदाने येईन. मतदान मात्र दोन गटांचं स्वतंत्र ठेवा, आणि इतिहासगटाच्या संमतीशिवाय अंकाचा संपादक नेमू नका.

परीक्षणाला माझी एक अट. गावातल्या गावात एकमेकांची परीक्षणं लिहिली तर छाननी समिती पहिल्याच वर्षी ती बाजूला ठेवेल, आणि ते योग्यच ठरेल. दोन परीक्षकांपैकी एक जिल्ह्याबाहेरचा हवा आणि त्याने कामं प्रत्यक्ष भिंतीवर पाहिलेली हवीत, मोबाइलवर नव्हे. प्रदर्शन आठवडाभर असतं, त्या आठवड्यात तो माणूस अमरावतीहून किंवा मुंबईहून इथे आला पाहिजे. त्याचं भाडं आणि मुक्काम कोणत्या खात्यातून जाणार, ते कलम पत्रकाच्या आधी लिहा.