फोनचं बीटा आणि 'कुणाला सांगू नका'ची अट: तुमचे अनुभव सांगा

टॉवेलवाल्यांची_सून
काल संध्याकाळी भाचा आला होता. चहा उकळेपर्यंत त्यानं आयफोनच्या नव्या बीटाचे (बाजारात यायच्या आधी वापरून बघायला दिलेल्या कच्च्या सिस्टीमचे) पाच स्क्रीनशॉट स्टेटसला टाकलेसुद्धा. मी विचारलं, "अरे, हे असं दाखवायची परवानगी असते का?" तर म्हणतो, "मामी, कोण विचारतंय?" तो गेला आणि मला २००८ आठवलं. रात्री डोळा लागेना, म्हणून हा धागा काढला.

मार्च २००८ मध्ये अॅपलनं आयफोनसाठी अॅप लिहायची साधनं बाहेरच्यांना खुली केली. मी तेव्हा लग्न करून, पुण्यातली नोकरी सोडून सोलापुरात आले होते. सासऱ्यांचा एमआयडीसीत टेरी टॉवेलचा कारखाना. सेकंड हॅन्ड मॅक सोबत आणला होता. साधनं फुकट होती, पण नोंदणी करतानाच करार मान्य करावा लागायचा: यातलं काहीही कुणाशी बोलायचं नाही. एनडीए म्हणतात त्याला. सासूबाई म्हणाल्या, "खडकवासल्याचं का गं?"

मी सासऱ्यांसाठी टॉवेलचं जीएसएम, म्हणजे एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन, काढायचं छोटं अॅप करत होते. ३० बाय ६० इंचाचा टॉवेल, वजन ५०० ग्रॅम, म्हणजे जीएसएम ४३० च्या आसपास. अशी सगळ्या मापांची यादी. बोटानं यादी वर सरकवली की नॅपकिनच्या ओळीत बाथ टॉवेलचं वजन यायचं. परत खाली आणली की तिसरंच काहीतरी. अकरा दिवस मी त्यात अडकले होते, त्यात लोडशेडिंग. पुण्याच्या जुन्या सहकाऱ्याला फोन केला. म्हणाला, "मलाही अगदी हेच झालं होतं. पण सांगता येणार नाही, करार आहे." करार दोघांनीही मान्य केलेला, तरी नाही. मला राग नाही आला त्याचा, तो शब्दाचा पक्का माणूस. पण फोन ठेवल्यावर फार एकटं वाटलं.

कारण शेवटी माझं मलाच सापडलं. वर गेलेली ओळ फोन टाकून देत नाही, मेमरी वाचवायला तीच खालून परत वापरतो. आपण तिच्यात नवा मजकूर भरला नाही की जुनाच दिसत राहतो. दोन ओळींची दुरुस्ती.

१० जुलैला अॅप स्टोअर उघडलं, २२ ऑगस्टला आयफोन ३जी भारतातही विकायला आला, तरी अट तशीच. वस्तू दुकानात, पण ती बनवायची कशी हे बोलायचं नाही. त्यावरची पुस्तकंही अडकून पडली होती. १ ऑक्टोबरला अॅपलनं बाजारात आलेल्या सॉफ्टवेअरपुरती अट उठवली आणि लोक धडाधड लिहायला लागले. माझीच चूक कितीतरी जणांनी केली होती. वाचता वाचता रडले मी.

जे अजून बाजारातच आलं नाही ते गुप्त ठेवावं, हे मला पटतं. पण त्या अटीचा मार सगळ्यांना सारखा बसला नाही. बंगलोरला कँटीनमध्ये शेजारच्याच्या कानात विचारता येत असणार. जुळे सोलापुरात मी कुणाच्या कानात विचारणार होते?

तुमचं काय झालं ते लिहा. बीटा टाकून फोन बसलेला असू दे, नाहीतर तोंड बंद ठेवावं लागलेलं असू दे.

नवीपेठ_रिपेरिंग
ताई गिऱ्हाईक आहे, पटकन लिहितो. ऑगस्ट २०१८ शेवटचा आठवडा. सकाळी शटर उघडलं तर चार जण उभे. सगळ्यांचं एकच, फोन अनलॉक केला की पाटी येते, नवीन अपडेट आलंय, बीटावरून अपडेट करा. आणि अपडेट बघायला गेलं तर अपडेटच नाही! परत लॉक, परत अनलॉक, परत पाटी. लोकांना वाटलं व्हायरस. आयफोनच्या सिस्टीमच्या, आयओएस १२ च्या, ११ व्या बीटातली ती चूक होती, एक-दोन दिवसांत पुढचा बीटा आला आणि थांबलं. एकालाही माहीत नव्हतं की आपल्या फोनमध्ये बीटा आहे. पुतण्यानं टाकून दिलेलं.

सगळ्यांना हात जोडून सांगतो. बीटा टाकायच्या *आधी* कॉम्प्युटरवर बॅकअप घ्या आणि तो वेगळा जपून ठेवा. बीटावर घेतलेला बॅकअप जुन्या सिस्टीमवर बसत नाही. हे समजवण्यात माझी निम्मी दुपार जाते.

साखरपेठ_पूर्वभाग
घरात तेलुगू, गल्लीत मराठी, बाजारात कन्नड, असे आम्ही सोलापूरवाले. फेब्रुवारी २०१८ ला काय झालं सांगतो. फॅमिली ग्रुपवर कुणीतरी तेलुगूतलं ज्ञा हे अक्षर फॉरवर्ड केलं. एवढंच, एक जोडाक्षर. ते आलं की आयफोनवर अॅप धपकन बंद. परत उघडलं, परत बंद. भाऊजी घाबरले, काका म्हणाले आमचाच फोन मिळाला का बे याला. खरी गोष्ट अशी की आयओएस ११.२.५ ला ते जोडाक्षर पडद्यावर दाखवताच येत नव्हतं. १९ फेब्रुवारीला ११.२.६ आलं आणि मिटलं.

आता बीटाचा संबंध. माझ्या चुलतभावाच्या फोनात ११.३ चा बीटा होता. त्याला काहीच झालं नाही! त्यात ते आधीच दुरुस्त होतं. तेव्हापासून आमच्याकडे तो तज्ज्ञ. मला एकच वाटतं, आपली भाषा बोलणारे जास्त लोक आधीच बीटा वापरत असते तर ही चूक घराघरात पोचायच्या आत पकडली गेली असती. म्हणून मी आता दरवर्षी जुन्या फोनवर बीटा टाकतो, मराठी, तेलुगू, कन्नड तिन्हीत टाइप करून बघतो आणि चूक दिसली की कळवतो. तिथं कुणी उत्तर देत नाही फारसं, तरी कळवतो.

टॉवेलवाल्यांची_सून
@साखरपेठ_पूर्वभाग फार चांगलं काम करताय. जोडाक्षरांचं आपल्यालाच बघावं लागणार.

भाकरी_आणि_शेंगाचटणी
विषय वाचला, माझं एवढंच. बीटा टाकला आणि लक्ष्मी मंडईत मेथीच्या चार जुड्या घेऊन उभी, पैसे द्यायला बँकेचं अॅप उघडेचना. "या सिस्टीमवर चालणार नाही" अशी पाटी. भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, राहू दे पोरी, उद्या दे. दुसऱ्या दिवशी सुटे घेऊन गेले आधी. कुकर लावलाय, जाते.

हुतात्मा_खिडकीची_सीट
मी पाच वर्षं एका फोन कंपनीत टेस्टिंगला होतो, नाव नाही सांगत. बाजारात न आलेला फोन रोज वापरायचा, हेच काम. फोनवर जाड प्लास्टिकचं खोकं, मागचा कॅमेरा सोडला तर काही दिसायचं नाही. शनिवारी पुण्याहून हुतात्मा एक्सप्रेसनं यायचो. शेजारचा हमखास विचारायचा, "कुठला ओ हा?" मी म्हणायचो ऑफिसचा आहे. खोटं नव्हतं.

अवघड होतं ते घरी. भाच्याचं जावळ होतं, अक्कलकोट रोडला, सगळे जमलेले. ताई म्हणाली तुझ्या फोननं काढ, चांगला दिसतोय. मी नाही म्हणालो. का नाही, हे सांगता येईना. फोटो काढला की फाईलमध्ये फोनच्या मॉडेलचं नाव आपोआप लिहिलं जातं. तो फोटो ग्रुपवर गेला, तिथून पुढे गेला आणि कुणी ते नाव वाचलं, तर माझी नोकरी गेली. ताई दोन दिवस बोलली नाही. फोन बाजारात आल्यावर मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "एवढंच होतं तर तेव्हाच सांगायचंस." तेव्हा सांगता येत नव्हतं, हेच तर सांगत होतो.

२०१० ला अॅपलच्या इंजिनिअरनं कॅलिफोर्नियात रेडवुड सिटीच्या बारमध्ये आयफोन ४ विसरला होता, जुन्या ३जीएस सारखं दिसणारं कव्हर घातलेला. जगभर बातमी झाली. मला ती वाचून त्या माणसाचीच कणव आली. मी पाच वर्षं रात्री दोनदा उठून चार्जरला हात लावून बघायचो, फोन आहे ना म्हणून.

भाकरी_आणि_शेंगाचटणी
@हुतात्मा_खिडकीची_सीट वाचून पोटात तुटलं. ताईला हा धागा दाखवा.

विजापूररोड_तिसरंवर्ष
नमस्कार, मी इंजिनिअरिंगला आहे. माझं उलटं आहे, माझ्याकडे गुप्त काही नाही, मला माणसंच मिळत नाहीत. गुगल प्लेवर नवीन वैयक्तिक खातं असेल तर अॅप सगळ्यांसाठी टाकायच्या आधी बंद चाचणी, म्हणजे ठरावीक लोकांनाच अॅप देऊन चाचणी, घ्यावी लागते. किमान १२ जण, सलग १४ दिवस. नोव्हेंबर २०२३ ला नियम आला तेव्हा २० होते, नंतर १२ केले. कंपन्यांकडे माणसं असतात. मी आई, बाबा, दोन मामा, मामी, रूममेट असे मोजत १२ केले. बाबांना जीमेल पासवर्ड आठवेना, त्यात एक अख्खा रविवार. नवव्या दिवशी मामेबहिणीनं कसलं तरी भलतंच ईमेल आहे असं वाटून चाचणीतून नाव काढून घेतलं. अकरा! परत पहिल्यापासून.

अॅप सिटी बसच्या वेळांचं आहे. कुणी जॉइन होणार का?

साखरपेठ_पूर्वभाग
ईमेल कुठं पाठवू? मी आणि चुलतभाऊ, दोन धर. तेलुगूत करणार असशील तर शब्द मी देतो.

कंबरतलाव_सकाळी_सहा
अॅपलचं थोडं नीट सांगतो, भाच्याचा विषय निघाला म्हणून. जून २०१४ मध्ये अॅपलनं डेव्हलपरांना बीटाबद्दल आपसात आणि जाहीर बोलायची मुभा दिली. पण स्क्रीनशॉट टाकायचे नाहीत, परीक्षण लिहायचं नाही, हे ठेवलं. २०१५ ला सामान्य लोकांसाठी आयफोनचा पब्लिक बीटा आला. त्याच्या नियमांतही स्पष्ट लिहिलं होतं की हे गोपनीय आहे, स्क्रीनशॉट टाकू नका, बीटाच्या कार्यक्रमात नसलेल्यांना दाखवूही नका. फक्त अॅपलनं स्वतः जाहीर केलेली माहिती गोपनीय धरली जात नाही. २०२३ पासून तर डेव्हलपर बीटाही पैसे न भरता मिळतो.

म्हणजे अट कागदावर आणि लाखो लोकांच्या हातात बीटा. मला हे योग्य वाटत नाही. पाळून घ्यायची नसेल तर अट काढून टाका. मी २०१६ ला प्रामाणिकपणे बायकोलासुद्धा दाखवलं नाही, आणि दुसरीकडे व्हिडिओ करणारे त्याच बीटावर पैसे मिळवत होते. नियम पाळणाराच एकटा पडतो.

टॉवेलवाल्यांची_सून
@कंबरतलाव_सकाळी_सहा काका, माझ्या मनातलं लिहिलंत. भाच्याला हे वाचायला पाठवते.

मोहोळकर
आज पुण्याहून निघतोय, कडक भाकरी कुठे चांगली मिळेल? रात्री दहापर्यंत पोचेन.

भाकरी_आणि_शेंगाचटणी
स्टेशनजवळ नका घेऊ, आत पेठेत जा. दहाला मिळणं अवघड, सकाळी घ्या. चटणी मी देईन, इकडे आलात तर.

जात्यावरची_ओवी
मी हे कधी लिहिलं नाही. अँड्रॉइडचा बीटा घेतला होता, फोन फार तापायला लागला, म्हणून बाहेर पडायचं बटण दाबलं. पक्की आवृत्ती यायच्या आधी बीटातून बाहेर पडलं की फोन पूर्ण पुसला जातो. तसं लिहिलेलं होतं. मी वाचलं नाही, रात्रीचे अकरा वाजले होते. आजीच्या ओव्या होत्या त्यात. ती दोन हजार एकोणीसला गेली. मी तिला स्वयंपाकघरात बसवून रेकॉर्ड केल्या होत्या, मागं कुकरची शिट्टी आहे, मधेच ती विसरते आणि "थांब गं" म्हणते. कंपनीची चूक नाही यात. पण ते "थांब गं" मला आता ऐकू येत नाही.

नवीपेठ_रिपेरिंग
ताई, वाईट वाटलं. खरं सांगतो, पुसलेल्या फोनमधनं ते परत येत नाही, आत सगळं कुलूपबंद असतं आणि किल्लीच पुसली जाते. कुणी हजारो रुपये मागून काढून देतो म्हणालं तर देऊ नका. पण आठवून बघा, कुणाला व्हॉट्सअॅपवर पाठवल्या होत्या का? समोरच्याच्या फोनात असतात. जुना फोन बंद पडलेला घरात असेल तर घेऊन या. बोर्ड ठीक असला तर चालू करून बघू. पैसे नकोत.

जात्यावरची_ओवी
बार्शीच्या आत्याला एक पाठवलेली आठवतेय. एकच. आत्या जुना फोन टाकत नाही, डब्यात ठेवते.

नवीपेठ_रिपेरिंग
मग आधी तो फोन चार्जिंगला लावू नका. फुगलेली बॅटरी असेल तर घोटाळा होईल. तसाच आणा. चार्जर असला तर तोही आणा, जुनी पिन आता मिळत नाही.

हुतात्मा_खिडकीची_सीट
@जात्यावरची_ओवी रविवारी मी बार्शीला जाणार आहे, आत्याबाईंकडून आणून द्यायचा असेल तर सांगा. सांभाळून आणीन, सवय आहे.

विजापूररोड_तिसरंवर्ष
इथून सात जण मिळाले!! आई, बाबा आणि मी नाही धरत, खात्रीचे हवेत. अजून कुणी?

टॉवेलवाल्यांची_सून
मी आहे, सासरे आहेत. त्यांचा ईमेल मी सांभाळते, चौदा दिवस काही काढणार नाही. बसच्या यादीत ओळी सरकवल्यावर वेळा इकडच्या तिकडे दिसायला लागल्या तर मला लगेच फोन कर.