बायबलमधला मूर्ख कोण: अडाणी माणूस की सल्ला झिडकारणारा?

रामबागवासी, इंदूर

रामबागेतील आमच्या वाचनवर्गात एका जाणत्या सदस्याने असे विधान केले की ख्रिस्ती धर्मग्रंथ बुद्धीचा वैरी आहे. एकीकडे तो देव न मानणाऱ्याला मूढ ठरवतो आणि दुसरीकडे ख्रिस्ताचा प्रेषित पौल जगाच्या ज्ञानाला मूर्खपणा म्हणतो. मला हे मान्य नाही. बायबलमधला मूर्ख मंदबुद्धीचा नाही आणि निरक्षरही नाही; शहाणपणाची गोष्ट कानावर येऊनही जो ती झिडकारतो, त्याला तेथे मूर्ख म्हटले आहे.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील 25वा अध्याय पाहा. नाबालाकडे 3,000 मेंढरे आणि 1,000 शेळ्या आहेत, लोकर कातरण्याचे दिवस आहेत, आणि पुढे राजा झालेल्या दाविदाची दहा माणसे सणानिमित्त काही शिधा मागायला येतात. नाबाल ‘हा दावीद कोण?’ असे विचारून त्यांना रिकाम्या हाती परत पाठवतो, आणि संतापलेला दावीद 400 माणसांनिशी निघतो. धोका नाबालाच्या गड्याच्या लक्षात येतो, पण तो धन्याकडे जात नाही. तो मालकिणीकडे, अबीगईलकडे जातो आणि सांगतो की आमचा धनी असा आहे की त्याच्यापाशी काही बोलायची सोय नाही. अबीगईल 200 भाकरी, पाच शिजवलेली मेंढरे, हुरडा, मनुका आणि अंजिरांच्या ढेपा गाढवांवर लादून स्वतः दाविदाला सामोरी जाते आणि घर वाचवते. घरातल्या गड्याला जे कळले ते घरधन्याला कळले नाही, कारण त्याच्या कानापर्यंत पोहोचण्याची वाटच त्याने बंद करून ठेवली होती.

राजा शलमोनानंतर गादीवर आलेला त्याचा मुलगा रहबाम हा दुसरा दाखला. प्रजा जू हलके करा म्हणून विनवते, वृद्ध मंत्री लोकांशी गोडीने बोलायला सांगतात, पण तो बरोबरीच्या तरुणांचे ऐकून ‘माझी करंगळी माझ्या बापाच्या कमरेहून जाड आहे’ असे उत्तर देतो. इस्राएलाचे दहा वंश त्याला सोडून गेले.

आता पौलाविषयी. करिंथ शहरातील ख्रिस्ती मंडळी ‘मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा’ असे म्हणत, आपापल्या गुरूच्या नावाने गटागटांत भांडत होती, आणि ज्या ज्ञानाला पौल मूर्खपणा म्हणतो ते या बढाईखोरीचे ज्ञान आहे. त्या मंडळीला लिहिलेल्या त्याच पहिल्या पत्राच्या 6व्या अध्यायात तो विचारतो की भावाभावांतला निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही काय, आणि 14व्या अध्यायात बजावतो की समजुतीने बालके राहू नका, प्रौढ व्हा. जो बुद्धीचा वैरी आहे तो असे लिहील काय?

छावणीकर

रामबागवासी काका, नाबालाची गोष्ट आपण फार चांगली उलगडली, पण तिच्यावरून काढलेला नियम सर्वत्र लागू पडत नाही. लूकच्या शुभवर्तमानातील 12व्या अध्यायातला, येशूच्या दाखल्यातील धनवान घ्या. त्याच्या जमिनीला अमाप पीक आले, साठवायला जागा पुरेना, म्हणून जुनी कोठारे पाडून मोठी बांधायचे त्याने ठरवले. आमच्या छावणीच्या धान्यबाजारात असा विचार करणाऱ्याला कोणीही दूरदर्शीच म्हणेल. त्याने कोणाचा सल्ला झिडकारला? कोणी सल्ला दिलाच नव्हता. तरीही देव त्याला त्याच रात्री मूर्ख म्हणतो. याचा अर्थ असा की या ग्रंथात मूर्खपणाची कसोटी ऐकणे वा न ऐकणे ही नसून देवाला मानणे वा न मानणे हीच आहे. 14व्या स्तोत्रात तर आडपडदाच नाही: ‘देव नाही’ असे मनात म्हणणारा मूढ. जो प्रामाणिकपणे विचार करून वेगळ्या निष्कर्षाला येतो त्याच्याशी वाद करण्याऐवजी त्याच्यावर आधीच शिक्का मारण्याचा हा प्रकार आहे आणि तो मला मनापासून खटकतो.

निवृत्त शिक्षिका

मराठी वाचकाला हा भेद नवा वाटू नये. दासबोधाच्या दुसऱ्या दशकात समर्थांनी पहिल्या समासात मूर्खाची लक्षणे सांगितली आणि दहाव्यात पढतमूर्खाची वेगळी सांगितली, कारण विद्या असूनही माणूस शहाणा नसतो हे त्यांना ठाऊक होते. पौलाचा रोख या दुसऱ्या माणसावर आहे. आणि ख्रिस्ती श्रद्धेचे विद्येशी वाकडे असते, तर याच इंदुरात 1887 मध्ये कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनने ख्रिश्चन कॉलेज कशासाठी उभारले असते? पंडिता रमाबाईंनी संस्कृतातील पांडित्यावर न थांबता हिब्रू आणि ग्रीक आत्मसात करून आयुष्याची शेवटची वर्षे बायबलच्या मराठी भाषांतराला वाहिली. श्रद्धेमुळे त्यांची अभ्यासाची भूक वाढलेलीच दिसते.

रामबागवासी

छावणीकर, 14वे स्तोत्र पुढे वाचावे. चौथ्याच ओवीत त्या लोकांचे वर्णन येते की ते माझ्या लोकांना भाकर खावी तसे खाऊन टाकतात. कवीसमोर प्रामाणिक संशयवादी नाही. आपल्याला जाब विचारणारा कोणी नाही अशा समजुतीने गोरगरिबांना नाडणारा माणूस त्याच्यासमोर आहे. धनवानाबद्दल म्हणाल, तर तो कोणाशी बोलतो हे पाहा. तो फक्त स्वतःशीच बोलतो: मी काय करू, माझे पीक, माझी कोठारे, माझा जीव. त्याला सल्ला मिळाला नाही, कारण विचारायला दुसरा माणूसच त्याच्या जगात उरलेला नव्हता.

तर्कनिष्ठ

ग्रंथाचा संदर्भ आपण सर्वांनी नीट लावला, पण व्यवहारात या वचनांचे काय होते यावर कोणी बोलत नाही. माझ्या परिचयातील एका तरुणाला उच्च शिक्षणासाठी बाहेर जायचे होते. त्याच्या प्रार्थनागटातील वडीलधाऱ्यांनी करिंथकरांस पहिल्या पत्रातील पहिलाच अध्याय उघडून, देवाने ज्ञान्यांना लाजवण्यासाठी जगातील मूर्ख निवडले असे ऐकवून त्याला थांबवले. सहावा आणि चौदावा अध्याय त्या घरात कोणी उघडला नाही. हजारात एखादाच वाचक संदर्भ पाहणार असेल, तर वाक्य लिहिणाऱ्यावर काहीच जबाबदारी येत नाही काय?

दुसरे, बायबलमधील नीतिसूत्रे या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात ज्ञान स्त्रीरूपाने चव्हाट्यावर आणि वेशीपाशी हाक मारते, आणि लोक ऐकत नाहीत तेव्हा म्हणते की तुमच्यावर अरिष्ट येईल तेव्हा मी हसेन, तुम्ही मला हाक माराल पण मी उत्तर देणार नाही. शहाणपण असे सूड घेणारे असते काय?

निवृत्त शिक्षिका

तर्कनिष्ठ, त्या तरुणावर अन्याय झाला आणि वचन अर्धे वाचून झाला, हे मी निःसंकोच म्हणते. ज्यांनी तसे केले ते पौलाच्याच शब्दांत समजुतीने बालके राहिले. त्याच अध्यायात पौल म्हणतो की तुमच्यात ज्ञानी फार नव्हते, बलवान फार नव्हते, कुलीन फार नव्हते. ज्यांना विद्येच्या दारातही उभे केले जात नव्हते त्यांना ताठ मानेने उभे करणारे हे शब्द आहेत, आणि त्यांच्याच मुलांना शिक्षणापासून अडवण्यासाठी ते वापरणे हा त्या शब्दांचा विपर्यास आहे. हसण्याच्या ओळीबद्दल इतकेच की ती हाक आधी भर रस्त्यात, सर्वांना ऐकू जाईल अशी आहे, आणि 31व्या ओवीत अरिष्टाला ते आपल्याच वागण्याचे फळ म्हटले आहे.

तर्कनिष्ठ

ताई, पहिला भाग मला पटला. दुसरा नाही. फळ स्वतःच्या वागण्याचे असले तरी ते भोगणाऱ्याकडे पाहून हसणे वेगळे, आणि याकोबाच्या पत्रातील 3ऱ्या अध्यायात वरून येणारे ज्ञान शांतिप्रिय, सौम्य आणि दयेने भरलेले आहे असे स्पष्ट लिहिले आहे. एकाच ग्रंथातील या दोन वर्णनांपैकी मी याकोबाचे वर्णन प्रमाण मानतो, आणि नीतिसूत्रांतील ती ओळ वाचनवर्गात पुन्हा निघाली तर हेच म्हणणे मांडणार आहे.