मदत हवी आहे: मे महिन्यात भरदुपारी हेलिकॉप्टर, मैदान कोणतं निवडू?

खडीवाला
नमस्कार मंडळी. मी बांधकाम खात्यात कनिष्ठ अभियंता, चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्यात. रस्ते, मोऱ्या, शाळांची गळकी छपरं यातलं कळतं. हेलिकॉप्टरमधलं काहीच कळत नाही. पण तात्पुरतं हेलिपॅड म्हटलं की फोन आमच्याच उपविभागाला येतो.

मागच्या मे महिन्यात एक पाहुणे आले होते. सकाळी साडेआठला उतरले, सगळं झकास. दुपारी एकला निघताना पायलट म्हणाले, एक माणूस आणि सगळ्या बॅगा गाडीने पाठवा. माणसं तीच, बॅगा त्याच, उलट येताना तेल जळून वजन कमीच झालेलं. पारा ४५ वर. पाहुण्यांबरोबरच्या मंडळींनी राग काढला माझ्यावर, म्हणे मैदान नीट केलं नाही. अहो, फक्कीने काढलेला 'एच'सुद्धा मी टेप लावून मोजला होता!

यंदा पुन्हा तेच. जागा दोन. एक आयटीआयचं मैदान: जमीन टणक, पण तीन बाजूंनी आठ फुटी भिंत आणि चौथीला कडुनिंबाची रांग. मंडप तिथून पाच मिनिटांवर, म्हणून सगळ्यांना तेच हवंय. दुसरं, गावाबाहेरचं पडीक शेत. काळी माती, चहूकडे मोकळं, फक्त पूर्वेला विजेची लाईन.

पायलटने तसं का केलं असेल? आणि यंदा कुणाला खाली उतरवायची वेळ येऊ नये म्हणून मी काय करू? काँक्रीटचा ओटा जाड केला तर फरक पडेल का? (हसू नका.)

चहाबाज
काँक्रीट राहू द्या, पायलटला पन्हं पाजा. आमच्याकडे ४५ ला स्कूटर सुरू व्हायला रुसते राजेहो.

निवृत्त_पंखा
खडीवाला, हसत नाही. या धंद्यात बरीच वर्षं गेली, असे प्रश्न कुणी आधी विचारत नाही हेच दुःख.

पायलटने बरोबर केलं. तापली की हवा विरळ होते. १५ अंशांच्या मानाने ४५ अंशांची हवा नऊ टक्क्यांहून जास्त विरळ. पंख्याच्या पात्याला धरायला हवाच कमी, आणि इंजिनलाही श्वास कमी. टर्बाईन इंजिन अशा वेळी तापमानाच्या लाल रेषेला आधी टेकतं, ताकद मागे राहून जाते. दोन्हीकडून मार.

हिशेब असा. समुद्रसपाटीला प्रमाण तापमान १५ अंश, दर हजार फुटांना सुमारे २ अंश कमी. तुमचं मैदान ७०० फुटांवर धरू, म्हणजे तिथलं प्रमाण साडेतेरा. प्रत्यक्षात ४५, म्हणजे साडेएकतीस अंश जास्त. मैदानाच्या उंचीत दर जास्तीच्या अंशाला साधारण १२० फूट वाढवा. बेरीज जवळजवळ साडेचार हजार फूट. हेलिकॉप्टरच्या लेखी तुमचं मैदान दुपारी एकला महाबळेश्वरच्या उंचीवर जातं, फक्त गारवा आणि स्ट्रॉबेरी नाही. सकाळी पारा ३० असेल तर हीच बेरीज २,७०० च्या आसपास. म्हणून येताना जमलं ते जाताना जमलं नाही, तेल जळूनसुद्धा.

आता जागा. ओट्याची जाडी विसरा, चाकं रुतली नाहीत म्हणजे झालं. जमिनीलगत तरंगताना खालच्या जमिनीचा आधार मिळतो, तिथे कमी ताकद लागते. मग थोडं पुढे सरकत वेग घेतला, की १५-२० नॉटच्या (ताशी ३०-३५ किलोमीटरच्या) सुमारास पंखा स्वतःच ढवळलेल्या हवेतून बाहेर पडतो आणि उचल वाढते. हा रस्ता समोर मोकळा असेल तर एखादा माणूस जास्त नेता येतो. भिंत आणि झाडं असली की सरळ वर उचलावं लागतं, जमिनीचा आधार सुटलेला आणि वेगही नाही. सगळ्यात जास्त ताकद तिथेच लागते, आणि उन्हात नेमकी तीच नसते.

भिंतीचं आणखी एक. २०११ साली पाकिस्तानात अबोटाबादला, लादेनवरच्या छाप्यात, अमेरिकनांचं ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर आवारात उतरता उतरता खाली बसलं. सरावाच्या जागी जाळीचं कुंपण होतं, खरी भिंत भरीव निघाली, आणि हवाही अंदाजापेक्षा उष्ण होती. पात्यांचा वारा भिंतीला आपटून पुन्हा पात्यांत. तुमचं आयटीआय तसंच.

शेत घ्या. काळ्या मातीवर मुरूम टाकून रोलर फिरवा, आदल्या संध्याकाळी टँकर आणि उतरायच्या तासभर आधी पुन्हा हलका शिडकावा. चिखल नको, धूळही नको. धुळीत पायलटला जमीन दिसेनाशी होते. मंडपाचं कापड, प्लॅस्टिकच्या खुर्च्या लांब.

खडीवाला
डोळे उघडले. मे महिन्यात दुपारी आमच्याकडे वारा बहुधा पश्चिमेचा. म्हणजे पश्चिमेकडे तोंड करून उडायचं, लाईन पाठीमागे. बरोबर ना?

निवृत्त_पंखा
उडताना बरोबर. पण उतरतानाही तोंड वाऱ्याकडेच असतं! म्हणजे येताना ते पूर्वेकडून, तुमच्या लाईनवरूनच येणार. 'एच' शेताच्या पश्चिम टोकाला सरकवा. तारा हवेतून दिसत नाहीत, पायलट खांबांवरून ओळखतो. महावितरणला विचारून खांबांना लाल-पांढरे पट्टे मारून घ्या आणि लाईनची जागा पायलटला आधीच कळवा. २५ मे २०१७ ला निलंग्यात मुख्यमंत्र्यांचं हेलिकॉप्टर उडाल्यावर लगेच खाली आलं, तेव्हाही तारांशी गाठ पडली होती. सगळे वाचले. दुपारच्या वावटळीचंही लक्षात असू द्या, विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी, एक नको, दोन लावा.

खडीवाला
पश्चिम टोक मोजून आलो, लाईनपासून २८० मीटर मिळतात. टँकरची मागणीही टाकली. पण सभा साडेबाराची आहे. ती सकाळी नऊची करा, हे साहेबांना कोण सांगणार?

निवृत्त_पंखा
तुम्ही नका सांगू. पायलटकडून दोन आकडे लेखी मागवा: नऊ वाजता ३५ अंशांना किती किलो नेता येतील आणि दोन वाजता ४५ ला किती. मॅन्युअलच्या तक्त्यातून पाच मिनिटांत काढतो तो. कागद साहेबांपुढे ठेवा आणि विचारा, दुपारी कुणाचं नाव यादीतून काढू?

चहाबाज
आणि यादीत माझं नाव घाला. मी खाली राहायला तयार आहे.