मदत हवी आहे: स्किटच्या लेखकाला हा प्रश्न कसा विचारू?

रविवारी आमच्या वाचनालयात टीव्हीवरच्या एका मराठी विनोदी कार्यक्रमाचे लेखक येताहेत. गेल्या आठवड्यातल्या भागावर प्रेक्षक त्यांना प्रश्न विचारणार, सूत्रसंचालन माझ्याकडे. वेळ 40 मिनिटं.

चिठ्ठ्या मागवल्या, पण बहुतेकांत 'तुम्हाला सुचतं कसं?' एवढंच. म्हणून तो भाग मी तीनदा पाहिला. त्यात सासरा चहाची बशी तोंडाशी नेतो, फुंकर मारतो आणि जावयाला उत्तरच देत नाही. सगळ्यात मोठा हशा तिथेच. किती सुंदर जागा आहे ती! ही शांतता कागदावर होती की तालमीत सापडली?

'महाराष्ट्राची हास्यजत्रा'त समीर चौघुले, प्रसाद खांडेकर स्वतः लिहितात आणि कामही करतात, तिथे लेखक आणि नट यांच्यातली रेषा पुसट असते. आमचे पाहुणे मात्र फक्त लिहितात. थेट विचारलं तर श्रेय नटाचं, असं सुचवल्यासारखं होईल.

संहिता आधी वाचायला मिळणार नाही. मानधन आणि वाहिनी हे विषय टाळायचे आहेत. ज्यांनी स्किट लिहिलंय किंवा एकांकिका बसवली आहे त्यांनी सांगा, लेखकाला न दुखावता हा प्रश्न नेमक्या कोणत्या शब्दांत विचारू?