सत्ता माणसात असते की नात्यात? रिचर्ड इमर्सनविषयी

कातळवाट:
१९६२ साली 'अमेरिकन सोशिऑलॉजिकल रिव्ह्यू'मध्ये अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रिचर्ड इमर्सनचा सत्ता आणि अवलंबन यांवरचा लेख आला. अकरा पानं. तोवर बरेच अभ्यासक गावात वजनदार कोण हे शोधत होते. इमर्सन म्हणाला, प्रश्नच चुकतोय. सत्ता हा माणसाचा गुण नाही, नात्याचा आहे. तुमची माझ्यावर सत्ता किती? मी तुमच्यावर जितका अवलंबून, तितकी. आणि हे अवलंबन कशावर ठरतं? तुमच्याकडची गोष्ट मला किती निकडीची आहे आणि ती दुसरीकडे मिळते का, यावर.

मी सह्याद्रीत प्रस्तरारोहण करतो, म्हणून हे मला चटकन पटलं. वर चढणारा आणि खाली त्याचा सुरक्षा-दोर सांभाळणारा (बिले देणारा), दोघांचा जीव एकमेकांच्या हातात. सत्ता समान आहे, पण शून्य नाही. समतोल म्हणजे सत्तेचा अभाव नव्हे, हे इमर्सननेच स्पष्ट केलं. तो स्वतः गिर्यारोहक होता. १९६३ च्या अमेरिकन एव्हरेस्ट मोहिमेत त्याने सोबत्यांच्या चिकाटीचाही अभ्यास केला.

सावली:
मांडणी नेटकी आहे, मान्य. पण मला ती अपुरी वाटते. 'मला काय हवं' हे ती गृहीत धरते. ते हवंसं कुणी केलं? १९७४ मध्ये सत्तेचा अभ्यासक स्टीव्हन ल्यूक्सने हेच विचारलं. माणसाच्या इच्छाच घडवणारी सत्ता सर्वांत खोल असते, आणि तिथे तक्रार उमटतच नाही. देवघेवीच्या हिशोबात ती कुठे बसवायची? समाजशास्त्रज्ञ पीटर ब्लाऊने १९६४ मध्ये देवघेव आणि सत्तेवर पुस्तक लिहिलं, पण पुढे तोही मोठ्या समाजरचनेकडे वळला.

कातळवाट:
इमर्सनही दोन माणसांपाशी थांबला नाही. कॅरेन कुक आणि इतर सहकाऱ्यांबरोबरचा १९८३ चा प्रयोग बघा. पाच जण ओळीत, प्रत्येकाने फक्त शेजाऱ्याशी सौदा करायचा, आणि एका फेरीत एकच. आपण म्हणू, मधला बलवान. निघाले दुसरा आणि चौथा! टोकाच्या माणसाला दुसरा पर्यायच नाही, त्यामुळे तो पडेल ती अट मान्य करतो. मधल्याला मग त्या टोकाच्या माणसाशीच स्पर्धा करावी लागते. म्हणजे मोक्याची जागा मध्यावर असेलच असं नाही. हे रचनेचंच बोलणं आहे ना?

बांधावरून:
आमच्या भागातून ऊसतोडीला माणसं जातात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, हंगामाआधी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे. उचल फिटेपर्यंत दुसऱ्या टोळीत जाता येत नाही, म्हणजे पर्याय बंद. इमर्सनचं सूत्र इथे तंतोतंत लागू पडतं. कमी पडतो तो पुढचा प्रश्न: गावात पाणी आणि काम का नाही?

कातळवाट:
ते उत्तर सूत्र देत नाही, खरं आहे. पण असमतोल कमी करायच्या वाटा दाखवतं. इमर्सनने चार सांगितल्या: गरज कमी करणं, दुसरीकडे नाती जोडणं, दुबळ्यांनी एकत्र येणं, आणि बलवानाला मान देणं, म्हणजे त्यालाही या नात्याची गरज वाटू लागते. तोडणीचा दर मजूर संघटना एकत्र बसून ठरवून घेतात, ती तिसरी वाट.

सावली:
चौथीवरच माझा आक्षेप आहे. मान दिल्याने समतोल येतो? माझे आजोबा सावकाराला 'मालक' म्हणत. त्याच्या ओसरीवर पायरीखाली बसत. त्याला त्या मानाची सवय झाली, गरज नाही. मान द्यायला दुसरेही होतेच की. जमीन गेली, तरी आजोबा मरेपर्यंत त्याला मालकच म्हणत होते, आणि घरात कुणी नुसतं नाव घेतलं तर रागावत. त्यांचा तो राग मला इमर्सनच्या सूत्रात सापडत नाही.