झोप उडते, पण परत येते

दारू सोडल्यावर झोपच उडाली म्हणून परत सुरू केली, असं एकानं लिहिलंय. पहिले पंधरा दिवस माझंही तसंच झालं. पण दारूनं येते ती गुंगी. घशाचे स्नायू सैल पडून घोरणं वाढतं, अंमल उतरला की अडीच-तीनला टक्क जाग. खानापूरच्या पावसात रोज संध्याकाळी बसायची सवय होती माझी. सोडून दीड महिना झाला आणि बायको म्हणाली, "अवो, तुमचं घोरणं थांबलंय की!" पुढं बीपीही उतरलं, डॉक्टरांनी गोळी निम्मी केली.

मात्र वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम, एकट्यानं सोडू नये. दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते. आधी डॉक्टरांना भेटा, कळकळीनं सांगतोय.